भिंतीवरचा सुरेश

माझा फोटोग्राफर मित्र विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोयनानगरच्या शाळेत पेपर तपासत होतो. हृदयविकाराचा झटका... पन्नाशीही गाठली नव्हती. खरं सांगतो, मला आधी रागच आला. हा माणूस कधी कुणाला सांगून गेलाय कुठे?

सातारा-सांगलीची माणसं रोजची कामं करताना कॅमेऱ्यात टिपायची, हे त्याचं तरुणपणापासूनचं वेड. लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या आणि सगळी कमाई फिल्मच्या रोलांत घालायची. अशी चार-पाच वर्षं गेल्यावर सांगलीत विश्रामबागच्या एका हॉलमध्ये प्रदर्शन ठरलं. ज्यांचे फोटो, त्या सगळ्यांना त्याने आमंत्रण धाडलं. मधोमध सगळ्यात मोठा फोटो सुरेशचा. सुट्टीवर आलेला जवान, साताऱ्याच्या सलूनमध्ये अर्ध्या गालाला साबण लावून हसतोय.

हॉलच्या सेक्रेटरींना प्रतिमेला हार घातल्याशिवाय उद्घाटन झाल्यासारखं वाटत नसे. दुसरी प्रतिमा मिळेना, तेव्हा त्यांनी मोठ्या भक्तिभावाने सुरेशलाच झेंडूचा हार घातला! आम्ही दारात पाहुण्यांची वाट बघत होतो. तेवढ्यात फलटणकडच्या गावाहून सुरेशची आई, पारूमावशी, एसटीने आली आणि सरळ आत गेली.

आम्ही मागोमाग गेलो, तर ती फोटोसमोर खाली बसलेली. ओरडली नाही, रडली नाही.

"कवा झालं?" एवढंच विचारलं.

"आवं मावशी, तसं काय न्हाई! चुकून घातलाय," विलासने हार ओढून काढला.

"लपवू नगंस, इलास. दोन म्हैनं पत्र न्हाई त्येचं."

सुरेश सीमेवर होता. तो सुखरूप आहे, हे खात्रीने सांगणार कोण? विलास तिच्याबरोबर गावी गेला, युनिटला तार केली आणि तिथेच थांबला. मावशी अन्नाला शिवेना. दारात माणसं जमायला लागली, आणि सगळे विलासकडेच बघायचे. अखेर गावातल्या फोन बूथवर सुरेशचा फोन आला. मावशीने रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरून ठेवला. नंतर विलासला म्हणाली, "फोटू काढ रं, पर जित्या माणसाला भिताडाला टांगू नगंस."

त्याने पुन्हा प्रदर्शन भरवलं नाही. फोटो काढायचा आणि ज्याचा त्याच्या हातात नेऊन द्यायचा. एवढं काम वाया घालवतोस म्हणून मी चिडायचो... तो नुसता हसायचा.

परवा त्याच्या घरी गेलो. वहिनींनी विलासचा फोटो त्याच्या खुर्चीवरच ठेवलाय, भिंतीला लावायचा धीर होत नाही म्हणाल्या. मावशी सुरेशला घेऊन आली होती. तिने फोटो उचलला, पदराने पुसला.

"लाव, पोरी. आता लावाया पायजे," म्हणाली, आणि तिलाच हुंदका फुटला.

खिळा सुरेशने ठोकला. हार घालायला मात्र कुणाचाच हात पुढे झाला नाही.