सांतानोची बेंबीवाली ढाल

सांतानोसारखा ढालीवरचा सूर्य अख्ख्या पुएब्लोत, त्यांच्या त्या मातीच्या घरांच्या गावात, कुणाला काढता यायचा नाही. पण ढाल घडवायची म्हटलं की बोंब. बैलाचं ओलं कातडं मातीच्या ढिगाऱ्यावर ताणून वाळवलं की ढालीला मस्त फुगवटा येतो. सगळ्यांच्या ढालीला येतो. याचा ढिगाराच खचायचा, आणि ढाल दरवेळी सपाट.

"दाजी, हिच्यावर भाकरी भाजू का?" मेव्हणा बेन्सेस विचारायचा.

त्यांच्यात नियम असा, की जो घडवेल तोच रंगवेल. ढाली नाचवायचा सण तोंडावर आला तसं, सणाचं सगळं बघणाऱ्या प्लासिदो आजोबांनी सांगूनच टाकलं, "यंदाही सपाट आली, तर रंग बेन्सेसकडे."

सांतानोला घास जाईना. (म्हणजे दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर जाईना.) न खचणारं गोल असं आणायचं कुठून? आणि मग त्याची नजर खाली गेली.

भर दुपारी तो गच्चीवर उताणा झोपला. पोटावर ओलं कातडं, पाठीमागून वाद्या करकचून. डोळा लागला. उठला तेव्हा कातडं आवळून बरगड्यांवर चिकटलेलं, श्वास अर्धाच.

बायको लुगार्दानं वाद्या कापल्या. ढाल हलेना.

"पाणी ओतते, सुटेल."

"आकार जाईल गं!"

"मग बसा असेच. जेवायचं नाही, बारीक झालात की पडेल आपोआप."

तेवढ्यात बेन्सेस शिडी चढून आला आणि याच्यासमोर बसून गरम पाव आणि मटणाचा रस्सा ओरपायला लागला. माणूस आहे का कोण! सांतानोच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. खाली कुणीतरी मिरच्या भाजत होतं. ठसका वर आला, सांतानोला एक दणदणीत शिंक आली, आणि ढाल उडून थेट बेन्सेसच्या रश्श्यात.

फुगवटा असा, की बघत राहावं.

प्लासिदो आजोबांनी ढालीवरून अंगठा फिरवला. मधोमध थांबला. "हे टेंगूळ कसलं?"

सांतानोनं दोन्ही हात पोटावर ठेवले.

"बेंबी," लुगार्दा म्हणाली.

आजोबा बराच वेळ खोकले. हसले असावेत. मग म्हणाले, "सूर्य तिच्याभोवती काढ. मध्य शोधायला नको."

सणाला ती ढाल नाचवायची पाळी नेमकी बेन्सेसची आली. आणि गच्चीवरून दिवसभर एकच आवाज येत होता, "नीट धर रे, पोट आहे माझं."