सातवा रांजण

माझे वडील आमच्या तालुक्याच्या गावातल्या एकमेव टॉकीजमध्ये डोअरकीपर होते. त्यामुळे शाळेत असताना मी हिंदीत डब केलेले साहसपट पुष्कळ पाहिले, तेही पडद्याजवळच्या दारात उभी राहून, तिरके. एखादा गोरा नायक दोराला लटकत गुहेत उतरायचा आणि खाली सोन्याची पेटी, पेला नाहीतर काठी सापडायची. ती वस्तू मुळात कुणाची, कुठल्या धर्मग्रंथातून आली, हे मी कधी विचारले नाही. कुणीतरी 'पवित्र' हा शब्द उच्चारायचे आणि थोड्या वेळाने गुहा कोसळायची, एवढेच मला ठाऊक होते.

हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो गेल्या वर्षी, बेंगळुरातल्या मल्लेश्वरममध्ये, काकूंच्या स्वयंपाकघरात.

काकू म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. मराठी ख्रिस्ती. सीमाभागातल्या एका गावच्या मिशन कंपाउंडमध्ये वाढल्या आणि लग्न होऊन बेंगळुरात आल्या, त्याला चाळीस वर्षे झाली. काका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, ते आता नाहीत. वरची खोली मला मिळाली तेव्हा माझ्याकडे नोकरीही नव्हती. मुलाखतीआधी काकूंनी मला याच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून रोज अर्धा तास इंग्रजीत बोलायला लावले होते. मी अडखळले की त्या कांदा चिरायच्या थांबायच्या आणि मी वाक्य पूर्ण केले की पुन्हा चिरू लागायच्या. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. माझ्या पदवीवर माझ्या आईवडिलांचा जेवढा हक्क आहे, तेवढाच नोकरीवर काकूंचा आहे असे मी मानते.

मला जे काम मिळाले ते सॉफ्टवेअर तपासण्याचे. कागदावर काय ठरले होते आणि पडद्यावर काय दिसते आहे, हे शेजारी शेजारी ठेवायचे आणि फरक दिसला की नोंद करायची. आठवड्यातून दोन दिवस बेळ्ळंदूरच्या ऑफिसात, बाकी घरून.

एप्रिलमधल्या एका सोमवारी काकूंनी खालून हाक मारली. टेबलावर त्यांचे पवित्र शास्त्र होते, कडा पिवळ्या पडलेले, आणि शेजारी दोघींसाठी चहा.

"तुझं काम हेच ना गं, लिहिलंय एक आणि दिसतंय भलतंच, हे शोधायचं?"

"हो काकू."

"मग मला एक पिक्चर तपासून दे."

प्रकरण असे होते. त्यांची मराठी मंडळी छोटी आहे. दर रविवारी दुपारी एका कन्नड चर्चच्या हॉलमध्ये ते उपासनेला जमतात. मे महिन्याच्या सुट्टीत तिथे मुलांचा आठवडा असतो आणि त्यातला पहिला वर्ग तीस वर्षे काकू घेत आल्या होत्या. धडा ठरलेला, काना गावातल्या लग्नाचा. लग्नघरी द्राक्षारस संपतो आणि येशू पाण्याचा द्राक्षारस करतो. यंदा कमिटीच्या नव्या सेक्रेटरीने सुचवले होते की मुले गोष्ट ऐकत बसत नाहीत, त्याऐवजी याच विषयावरचा एक साहसपट दाखवावा. रविवारी त्यावर बैठक होती.

"सेक्रेटरी म्हणजे कोण माहितीये? माझ्याच वर्गात नाक पुसायला शिकलाय तो," काकू म्हणाल्या. "आता मला म्हणतो, टीचर, तुम्ही आता विश्रांती घ्या. विश्रांती काय घ्यायची? मी काय आजारी आहे?"

त्या हसल्या, पण चहाचा कप त्यांनी बशीत दोनदा फिरवून ठेवला. काका गेल्यापासून त्यांचे वर्ष त्या एका वर्गाभोवती फिरत असे, हे मी चार वर्षे पाहत होते.

"पण मला यातलं काही येत नाही, काकू. तुम्हीच बघा ना."

"मला सगळं पाठ आहे, म्हणून मी वाचणारच नाही. तू वाचशील. सरी?"

"सरी," मीही कन्नडातच 'बरं' म्हटले.

त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी माझ्या लॅपटॉपवर तो चित्रपट पाहिला. कथा अशी: शास्त्रात सांगितलेल्या रांजणांखेरीज एक सातवा रांजण होता, सोन्याचा. तो एका डोंगरातल्या मठाखाली लपवलेला आहे. त्यातले पाणी प्यायले की माणूस अमर होतो. खलनायकाला तो हवा आहे आणि नायकाला तो त्याच्या हाती पडू द्यायचा नाही. काकू पहिली दहा मिनिटे हाताची घडी घालून बसल्या. नायक कड्यावरून घसरला तेव्हा त्यांनी माझा दंड धरला आणि तो वर येईपर्यंत सोडला नाही.

"हे शास्त्रात आहे का?" मी विचारले.

"गप. बघू दे."

शेवटी रांजणातले पाणी खांबासारखे उभे राहिले, त्यातून लाल उजेड फुटला आणि नेहमीप्रमाणे गुहा कोसळली. मला एकदम आमच्या टॉकीजची आठवण आली. मी वडिलांना फोन करून विचारले, असला एखादा पिक्चर आपल्याकडे लागला होता का?

"मला काय माहीत," ते म्हणाले. "मी कधी आत बसलो होतो? दार धरून बाहेर उभा असायचो. गडगडाट सुरू झाला की समजायचं, पाच मिनिटांत सुटणार."

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. लग्नाचा तो भाग फार तर पाऊण पान आहे. मी तो ऑफिसच्या सवयीने, एकेक वाक्य वेगळे करून वाचला आणि वहीत तीन रकाने आखले: शास्त्रात काय आहे, पडद्यावर काय आहे, शेरा. शास्त्रात रांजण सहा, सातवा कुठेच नाही. ते दगडी, हातपाय धुण्याच्या रिवाजासाठी ठेवलेले, म्हणजे अगदी घरगुती. आणि इतके मोठे की भरलेला एक रांजण दोघांनाही उचलणार नाही. पडद्यावरचा नायक तो बगलेत घेऊन पळत होता. अमर होण्याचे तर नावही नाही. लग्नात कमी पडलेले भरून निघाले आणि पाहुण्यांसमोर यजमानाची लाज राहिली, एवढेच.

रोज रात्रीच्या जेवणाआधी मी काकूंना नोंदी वाचून दाखवी. त्या खूश होत.

"लिही," त्या म्हणाल्या, "सामर्थ्य रांजणात नव्हतं. हे लोक रांजणाचं मशीन करतात. बटण दाबलं, आला आशीर्वाद."

"पण एक गोष्ट जुळते, काकू." मी वही पुढे केली. मठातला म्हातारा नायकाला रांजण भर एवढेच सांगतो. का, ते सांगत नाही. नायकाचा कशावरच विश्वास नसतो, तरी तो भरतो. "तुमच्या गोष्टीतले चाकर पण असंच करतात ना? नुसतं सांगितलं म्हणून पाणी भरतात."

काकूंनी चष्मा वर केला. "हं. चुकून झालं असेल. पण लिही."

मला त्या कामात भारी रस वाटू लागला. बसमध्येसुद्धा मी त्या लग्नाचा विचार करत असे. येशूची आई त्याला सांगायला येते, तेव्हा तो आधी टाळतो, हे मला नवीन होते. ज्याच्याकडे मेजवानीची व्यवस्था असते, तो चाखून बघतो आणि त्याला काहीच पत्ता नसतो, हेही. द्राक्षारस कुठून आला ते फक्त पाणी काढणाऱ्या चाकरांना ठाऊक असते. सगळ्या लग्नघरात फक्त त्यांना. हे एवढे मोठे रहस्य चित्रपटवाल्यांनी सोडून का दिले आणि सोन्याच्या मागे का लागले, मला कळेना.

गुरुवारी काकूंनी वर्गाची तयारी काढली. काचेचे मोठे भांडे, त्यात स्वच्छ पाणी. डाव्या हाताच्या बोटांमध्ये त्यांनी कोकमाच्या आगळात भिजवलेला कापसाचा बोळा दडवला.

"बघ हं. मग प्रभूने पाण्यात हात घातला..."

त्यांनी हात बुडवला. बोटांतून लाल रंग सुटला आणि हळूहळू भांडेभर पसरला. मी मोठी होऊनही पुढे वाकून पाहत राहिले. तीस वर्षे मुले या भांड्याची वाट पाहत आली होती, आणि का, ते मला समजले.

मग काहीतरी खटकले. पाऊण पान मी एव्हाना दहा वेळा वाचले होते. त्यात हात नव्हता. येशू रांजणांना शिवत नाही. तो भरा म्हणतो, मग काढा म्हणतो. पाणी बदलताना कुणी पाहिले असेही लिहिलेले नाही.

खोलीत जाऊन वहीत चौथा रकाना आखला आणि तसाच कोरा ठेवला. न सांगितले तर रविवारी काकू चित्रपटाच्या चुका वाचणार, आणि कुणी तिथेच पुस्तक उघडले तर? सांगितले तर त्यांच्या वर्गातला जीवच मी काढून घेणार. शुक्रवारी दिवसभर माझे ऑफिसच्या कामात लक्ष लागले नाही. शनिवारी सकाळी त्या कांदा चिरत होत्या तेव्हा मी समोर जाऊन बसले.

"काकू, तो हात कुठे लिहिलाय?"

"कुठला हात?"

"प्रभूने पाण्यात घातलेला. मला सापडला नाही. माझी चूक असेल."

"असेल," त्या म्हणाल्या. विळी बाजूला सारली, पदराला हात पुसले आणि शास्त्र उघडले. बोट ठेवून वाचले. पान उलटून मागचे वाचले, पुढचे वाचले. मग पुन्हा पहिल्यापासून वाचले.

"चादर," त्या म्हणाल्या.

"काय?"

"कंपाउंडमध्ये दोन कडुनिंबांना चादर बांधायचे. गाडीतून पिक्चरचं मशीन यायचं. मी सात वर्षांची असेन. दरवाजाएवढा मोठा हात आला चादरीवर, असा वरून, पाण्यात. आणि पाणी लाल. मी आईच्या मागे लपले होते." त्या पुस्तकाकडे बघत होत्या. "मला आजवर वाटत होतं, हे मी वाचलंय."

मी म्हणाले, "मी कुणाला सांगणार नाही."

"मी विचारलं का तुला?" त्यांनी पुस्तक मिटले. "जा, मला कांदा झोंबतोय."

त्या दिवशी त्यांनी मला जेवायला हाक मारली नाही.

रविवारी मात्र उपासनेला निघताना दारात थांबून म्हणाल्या, "येतेस ना? वही घे." हॉलमध्ये कमिटीची सहा माणसे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती. मी मागे बसले. काकूंनी उभे राहून चित्रपटाच्या सात चुका वाचल्या, ठणठणीत आवाजात. बगलेतल्या रांजणाला लोक हसले. सेक्रेटरीही हसला, जरा खजील होऊन.

"आणि आठवी," काकू म्हणाल्या. ही माझ्या वहीत नव्हती. "आठवी माझी आहे. मी तुम्हाला पाण्यात हात घालून दाखवत आले. शास्त्रात हात नाही. मी तो पिक्चरमध्येच पाहिला होता. तेव्हा मी या पोराच्या पिक्चरला नावं ठेवू शकत नाही. वर्ग कुणी घ्यायचा, तुम्ही ठरवा."

त्या बसल्या.

"म्हणजे टीचर," सेक्रेटरी म्हणाला, "कोकम बंद?"

"बंद."

"मी तर त्या कोकमासाठीच यायचो."

"ते मला तेव्हाच माहीत होतं. दोन-दोन ग्लास प्यायचास."

मग इतरही बोलू लागले. कुणाला भांडे आठवले, कुणाला आपल्या फ्रॉकवर पडलेला डाग. ज्येष्ठ पाळकांनी विचारले की हात नाही तर मग आहे काय, ते तरी सांगा. काकूंनी मागे वळून माझ्याकडे पाहिले. मी उभी राहिले. चारचौघांत उभी राहून मी कधी बोललेले नाही. चाकरांना ठाऊक होते, एवढेच सांगितले आणि बसले. शेवटी ठरले की चित्रपट शनिवारी दाखवायचा, पण सोमवारचा पहिला वर्ग टीचरांचाच.

मेच्या त्या सोमवारी मी रजा घेतली. काकूंनी शेजाऱ्यांकडून सहा प्लास्टिकच्या बिंदिगे जमवल्या होत्या, बेंगळुरात पाणी भरायच्या त्या रंगीत घागरी. एक निळी, दोन हिरव्या, बाकी लाल. हॉलच्या मागच्या टाकीपासून पायऱ्यांवरून वर त्या मुलांनी स्वतः भरून आणायच्या होत्या, काठोकाठ. पाऊण तास नुसता गोंधळ चालला होता. निम्मे पाणी पायऱ्यांवर सांडले. का भरायच्या, हे काकूंनी एकालाही सांगितले नाही.

मग गोष्ट सांगितली, लिहिली आहे तेवढीच.

"टीचर, लाल कधी होणार?" पुढच्या ओळीतल्या, सगळ्यात जास्त भिजलेल्या मुलीने विचारले. ती गेल्या वर्षीही आली असणार.

"कधी झालं ते लिहिलेलं नाही. पाहुण्यांना कळलंही नाही. ज्यांनी पाणी भरलं आणि काढलं, त्यांना तेवढं ठाऊक होतं."

मुलीने आपल्या ओल्या बाह्यांकडे पाहिले. "म्हणजे आमच्यासारख्यांना?"

"हो. तुमच्यासारख्यांना."

तिने थोडा विचार केला, उठून घागरींजवळ गेली आणि एकेकीत वाकून पाहू लागली. तिच्या मागे दुसरी मुले गेली. काकूंनी त्यांना बसा म्हटले नाही. त्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "बघतायत तरी," आणि पायऱ्या पुसायला फडके शोधू लागल्या.