अक्षरं नसलेलं पुस्तक

आमच्या नवागामच्या गल्लीत, समोरच्या चहाच्या टपरीवर एक चित्रकार रोज सकाळी येऊन बसायचे. गुजराती पेपरात त्यांची व्यंगचित्रं यायची आणि लहान मुलांसाठी ते पुस्तकंही करायचे. दारात साड्यांना टिकल्या चिकटवता चिकटवता मी त्यांच्याकडे बघायचे. रागावलेलं मांजर काढताना त्यांचेच गाल फुगायचे, रडका हत्ती काढताना खालचा ओठ बाहेर यायचा. पेन ते बाहीलाच पुसायचे, त्यामुळे डावी बाही कायम काळी.

माझी पोरगी गुजराती शाळेत जाते. तिची पुस्तकं मला वाचता येत नाहीत, म्हणून ती कोपऱ्यात एकटीच वाचत बसायची. हे एकदा मी त्यांच्याजवळ बोलून गेले.

पुढे त्यांचं नवं पुस्तक आलं, तेव्हा एक प्रत त्यांनी माझ्या हातात ठेवली. उघडून बघते तर पानोपानी त्या रडक्या हत्तीची नुसती चित्रं. मी म्हटलं, "दादा, अक्षरं छापायची राहिली वाटतं!"

ते हसले. "राहिली नाहीत, ताई. ती जागा तुमच्यासाठी सोडलीय. घरात बोलता तसंच सांगा तिला."

त्या संध्याकाळी मी हत्तीची गोष्ट आमच्या अहिराणीत सांगितली. पोरगी मांडीला चिकटून ऐकत राहिली. गोष्ट संपली तशी म्हणाली, "माय, आखो सांग." मग मी पुन्हा पहिल्यापासून सांगितली.

ते चित्रकार दादा आता दुसरीकडे राहायला गेलेत. जिथे असतील तिथे त्यांचं भलं होवो. काल पोरगी शेजारच्या गुजराती मैत्रिणीला तेच पुस्तक दाखवत गोष्ट सांगत होती, आणि हत्ती अहिराणीतच रडत होता.