आवाज नरसक्काचा, तोंडही नरसक्काचंच

"आवाज हाच ठेवू. चेहरा मात्र दुसरा घेऊ," दिग्दर्शक म्हणाले, आणि माझं टाळकंच सरकलं.

मुंबईहून टीव्हीची माणसं सोलापुरात आली होती. गाणी रेकॉर्ड करणाऱ्या लोकांवर एक मालिका चालली होती, आणि तिचा एक भाग माझ्यावर होता. मी अण्णांच्या स्टुडिओत रेकॉर्डिस्ट. स्टुडिओ म्हणजे एक खोली. भिंतींना जाड चादरी लावलेल्या, म्हणजे आवाज घुमत नाही. एक स्पूलवर टेप फिरणारं मशीन, दोन माईक. खोटं कशाला बोलू, टीव्हीवर दिसणार म्हणून मी नवा बुशशर्ट शिवून घेतला होता.

गाण्यासाठी मी नरसक्काला बोलावलं. ती विडी कामगार. घरात तेलुगू, बाहेर मराठी. सुपात तंबाखू घेऊन बायका विड्या वळायला बसल्या की ही गायची. गाणं जागच्या जागी रचायची, आणि समोर बसलेल्यांची नावं त्यात गुंफायची. असा गळा मी पुन्हा ऐकला नाही.

आता अडचण सांगतो. त्यांचा कॅमेरा चालू झाला की शिलाई मशीनसारखा घरघरायचा, आणि ती घरघर माईकमध्ये यायची. म्हणून अशा वेळी प्लेबॅक करतात. गाणं आधी रेकॉर्ड करायचं, मग ते स्पीकरवर लावायचं आणि गाणाऱ्यानं नुसते ओठ हलवायचे. गाणं मी आठवड्यापूर्वीच रेकॉर्ड करून ठेवलं होतं. त्या रेकॉर्डिंगला नरसक्काच्या मैत्रिणी सोबत आल्या होत्या.

शूटिंगच्या दिवशी ती टेप लावली. नरसक्कानं दोन ओळी ऐकल्या, पण ओठ काही हलवले नाहीत.

"काय झालं, अक्का?"

"ह्यात शांताबाई हाय, रुक्मव्वा हाय. त्या आज हितं कुटं हायत?"

"नुसतं तोंड हलवायचंय."

"नसल्या माणसाला काय म्हणून हाक मारू? येड लागलंय का मला?"

तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा तिनं ओठ हलवले, पण टेपवर शांताबाई आणि ओठांवर भलतंच कोणीतरी. दिग्दर्शकांनी घाम पुसला. मे महिना होता आणि पंखा बंद, कारण पंखाही माईकमध्ये ऐकू येतो. तेव्हा त्यांनी ते चेहऱ्याचं काढलं. ओळखीच्या कुणाची तरी कॉलेजात जाणारी मुलगी बोलवा, साडी नेसवा, तिला ओठ हलवू दे.

"आणि खरं सांगायचं तर," ते हळूच म्हणाले, "बाईंचे दात पडलेत. क्लोजअपमध्ये बरं दिसत नाही."

हळू म्हणाले, पण खोली केवढी! नरसक्कानं ऐकलं. तिनं पदर तोंडावर घेतला. मी सरळ मशीनपाशी गेलो, स्पूल उतरवलं आणि काखेत धरलं.

"ही टेप दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालू देणार नाही."

अण्णा धावत आले. "काय ओ देशमाने, डोकं फिरलंय काय? टीव्हीवाले हायत ते! टेप स्टुडिओची हाय."

"टेप तुमची. गळा तिचा."

"उद्यापासून येऊ नका मग."

"उद्याचं उद्या बघू. आज मी सांगतो तसं होऊ द्या. कॅमेराही चालवा आणि आवाजही आत्ताच घेऊ. जशी गाईल तशी."

"आणि ती घरघर?" दिग्दर्शकांनी विचारलं.

मी भिंतीवरच्या दोन चादरी काढल्या आणि कॅमेऱ्याभोवती गुंडाळल्या. फक्त पुढची काच उघडी ठेवली. कॅमेरामन शहाणा माणूस होता. त्यानं स्वतःच तिसरी चादर मागितली. मी मशीनवर कोरं स्पूल चढवलं आणि हेडफोन लावून ऐकलं. घरघर उरली होती, पण लांब कुठेतरी. माईक नरसक्काच्या जवळ सरकवला, तशी तीही गेली.

"कॅमेरा तापेल," दिग्दर्शक म्हणाले.

"तीन मिनिटांत तापत नाही," कॅमेरामन म्हणाला.

सुरुवातीला मी कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवली. चित्रात हात एकमेकांना लागताना दिसतात आणि टेपवर टाळी ऐकू येते, ती दोन्ही जुळवली की आवाज ओठांवर बसतो. एवढंच त्यातलं तंत्र.

"अक्का, गा. समोर जे हायत त्यांना गा."

तिनं पदर खाली घेतला. खोलीभर एकेकाकडे बघितलं आणि दिग्दर्शकांवर नजर ठेवून सुरू केलं:

"पाव्हणा आला मुंबईचा, बसला खुर्ची टाकून,
गळा माझा हवा म्हणतो, तोंड ठेव म्हणतो झाकून..."

कॅमेरामन चादरीआड हसत होता, त्याचे खांदे हलताना मला दिसले. अण्णांनी कपाळाला हात लावला. मी मग मशीनवरच्या, आवाज दाखवणाऱ्या काट्यावर नजर रोवली. पुढच्या कडव्यात अण्णा आले, त्यांचं पोट आलं, मी आलो. गाणं संपलं तेव्हा दिग्दर्शकांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "पुन्हा एकदा घेऊ या?"

"पुना गायलं तर दुसरं यील," नरसक्का म्हणाली.

तेच ठेवावं लागलं. सोलापुरात तेव्हा टीव्ही दिसत नव्हता. भाग लागल्यावर पुण्याच्या मावसभावाचं कार्ड आलं: 'बाई पूर्ण गाणंभर दिसली, पडक्या दातांसकट. खाली नावही होतं. तू मात्र कुठेच नाहीस. एकदा मशीनवरचा हात दिसला, तो तुझा का?'

त्यांनी घेतलेली माझी मुलाखत कापून टाकली होती. अण्णांनी मला काढलं, आणि पंधरा दिवसांनी मशीन बिघडलं तेव्हा परत बोलावलं. मी सावकाश गेलो.

कार्ड मी नरसक्काला वाचून दाखवलं. ती विड्या वळत होती. हात न थांबवता म्हणाली, "पाव्हण्याची ओळ ठिवली का कापली?"

"ठेवली."

"मग माणूस बरा हाय की."

पुढे तीस वर्षं मी रेकॉर्डिंग केलं. नव्या पोरांना शिकवताना मी माईक, टेप, काटा सगळं नंतर सांगायचो. आधी हे सांगायचो, की आवाज घ्यायचा असेल तर माणूसही घ्यावा लागतो, आणि तो तुमच्याबद्दल काय गाईल ते ऐकून घ्यावं लागतं.