देव्हाऱ्यातली चिठ्ठी

“उन्हाळी!” टेबलावर थाप मारून मी जाहीर केलं. बाहेरच्या बाकावरच्या पेशंटांनाही ऐकू जावं एवढा आवाज लावला होता.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा चैत्र. सांगलीतला माझा दवाखाना. समोर सुभेदार, पलूसकडचे. लष्करातून रिटायर होऊन आता ऊस करत होते.

“लगवी दोन डाव लाल झाली,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “पर जळजळ न्हाई. दुखत बी न्हाई.”

इथं मी थांबायला हवं होतं. उन्हाळी म्हणजे लघवीची आग. आग नाही, दुखणं नाही आणि तरी रक्त, म्हणजे आधी मूत्राशयाचा कॅन्सर नाही ना, हे बघायचं. मूत्राशय म्हणजे लघवी साठते ती पिशवी. कॉलेजात हे सगळं घोकलं होतं. पण बाहेर प्रेक्षक ताटकळले होते.

“वीस वर्षं बंदुकीशी संसार केलेल्याला जळजळ कसली कळतेय!”

बाक हसला. सुभेदारही हसले. मी झोकात चिठ्ठी लिहिली: गोळ्या आणि धने-जिऱ्याचं पाणी. टेबलावर मायक्रोस्कोप होता, त्यावर माझी हॅट विराजमान असायची. ती मी हलवलीसुद्धा नाही. जाताना सुभेदारांनी माझ्याच काडेपेटीवर विडी पेटवली. विडी हे या कॅन्सरचं मोठं कारण, तरी दिवसाला किती ओढता, हेही मी विचारलं नाही.

चार दिवसांनी ते गुळाची ढेप घेऊन हजर. “रगत बंद! लय गुणाचा डाक्टर!”

या रोगाची खोडच अशी की रक्त आपणहून येतं आणि आपणहून थांबतं. श्रेय मी घेतलं. ढेप आठवडाभर सगळ्यांना दिसेल अशी मांडून ठेवली.

दिवाळीनंतर त्यांच्या कारभारीणबाई त्यांना बैलगाडीतून एसटीपर्यंत आणि तिथून माझ्याकडे घेऊन आल्या. सुभेदार पांढरेफटक. रक्ताच्या गाठी अडकून लघवी तुंबली होती.

“मधे परत लाल झाली नव्हती?”

“झाली की, तीन डाव,” बाई म्हणाल्या. “दर डाव तुमचीच चिट्टी दावून गोळ्या आणल्या. थांबायचं बी. देव्हाऱ्यात ठिवलीया आमी.”

पदराच्या गाठीतून त्यांनी ती काढली. हळदकुंकू लागलेली. खाली माझी लफ्फेदार सही.

नळी घालून लघवी मोकळी केली आणि त्यांना स्वतः मिरजेला सर्जनकडे नेलं. सर्जननी लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून पाहिलं. गाठ पिशवीच्या स्नायूत शिरली होती.

“पहिल्या रक्ताला पाठवलं असतं, तर बहुधा दुर्बिणीतूनच जाळून टाकली असती,” सर्जन म्हणाले. “तेव्हा कुणाला दाखवलं होतं?”

“मला.”

तो आवाज दारापर्यंतही गेला नसता.

मूत्राशय काढावं लागलं. सुभेदार वाचले, पण लघवी जमा करायला पोटाला बाहेरून पिशवी लागली ती कायमची. पुढे दवाखान्यात आले तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाले, “आवं डाक्टर, टाकीच भाईर आली. आता गळती लागली तर लगीच दिसंल!”

बाक हसला. मला हसता आलं नाही.

चिठ्ठी परत द्या, म्हणून मी बाईंच्या मागे लागलो. त्यांनी दिली नाही. “मिरजेला तुमीच न्हेलंसा की,” म्हणाल्या.

हॅट आता खुंटीला असते. लाल लघवीचा पेशंट आला की तपासणीला पाठवतो आणि चिठ्ठीवर सहीपेक्षा मोठ्या अक्षरात लिहितो: रक्त थांबलं तरी परत या. देव्हाऱ्यातल्या चिठ्ठीवर मात्र ते लिहायचं राहिलं आहे.