मधला पट्टा

समजा, तुमच्या हातात काचेची उभी बाटली आहे, तळाला तोटी असलेली. आत खाली पानांचा काढा, वर पाण्यात न मिसळणारं हलकं द्रावक. ती वीस वेळा उलटसुलट करायची, मध्ये मध्ये उलटी धरून तोटीतून कोंडलेली वाफ सोडायची आणि मग थर वेगळे व्हायची वाट बघायची. जमेल? औषधाच्या कारखान्यात एकवीस वर्षं हेच करणाऱ्या बाईंना सगळे थरवाल्या मावशी म्हणतात.

"चाळीस सेकंदांत थर वेगळे, मावशी!" नवी इंजिनियर मुलगी टाळी वाजवत म्हणाली. तिनं निवडलेलं द्रावक काढ्यातलं औषध जुन्याच्या दुप्पट ओढून घेत होतं. त्या चाळीस सेकंदांवरून तिनं निवळण्याच्या टाकीचं माप काढलं होतं. तिचा पहिलाच आराखडा. दुपारी टाकी बनवणाऱ्याकडे जायचा होता. टाकी लहान पडली तर थर सुटण्याआधीच माल पुढे वाहून जाणार आणि खापर फुटणार तिच्याच माथी.

"काढा कुठला घेतलास गं?"

"प्रयोगशाळेतला. गाळलेला."

"म्हणजे पाहुण्यांसाठी आवरलेलं घर बघून आलीस!"

चाचणी करायची ती सगळ्यात वाईट मालावर, ही मावशींची जुनी खोड. कारखान्यातल्या काढ्याच्या मोठ्या टाकीच्या तळातून त्यांनी गढूळ काढा आणला, नवं द्रावक घालून बाटली हलवली. एक मिनिट गेलं. तीन गेली. वर द्रावक, खाली काढा आणि मध्ये फेसासारखा मातकट पट्टा, ठाण मांडून बसलेला. तो बोटभर उरायला नऊ मिनिटं लागली.

मुलीचा चेहरा उतरला. "द्रावकच बदलू का?"

"कशाला? जोरात ओढतंय, थोड्या उष्णतेनं औषध सोडूनही देतंय. गुणी आहे ते. त्याला बसायला वेळ दे. आणि टाकीच्या मधोमध एक नळ ठेव. या आगंतुकाला वेगळं दार लागतं."

मुलीनं चाळीस सेकंद खोडून नऊ मिनिटं लिहिली, टाकीचं माप वाढवलं, मधोमध नळ दाखवला. आराखडा संध्याकाळी गेला. टाकी आजही बिनबोभाट चालते.

मावशी मात्र अजून त्या मधल्या पट्ट्यातच अडकल्यात. घरी तेलाची बाटली धुतानाही हात थांबतो. नवरा म्हणतो, "धू की आता! ती काही बोलायची नाही."

काढा गाळला की पट्टा येत नाही. पण गाळणीवरचा गाळ त्याच काढ्यात परत मिसळला तरीही येत नाही, हे मावशींनी सहा वेळा करून पाहिलंय. मग गाळताना नक्की जातं तरी काय?