पॅसेजमधल्या बेसिनवर वस्तरा

मला दाढी येते. हनुवटीखाली आणि डाव्या जबड्याच्या कडेने. काळी, राठ, खरी दाढी. 'दोन-चार केस तर आहेत', 'हार्मोन्सचं असतं गं ते' असं म्हणून लोक तिला लहान करू बघतात. ती लहान नाही. कॉलेजपासून ती माझ्या सोबत आहे आणि तिला काढण्यात माझा जेवढा वेळ गेला तेवढ्यात माझं शास्त्रीय गाणं शिकून झालं असतं.

सगळं करून झालं होतं. डोंबिवलीतल्या पार्लरवालीने दोऱ्याचं एक टोक दातात धरून वर्षानुवर्षं माझी हनुवटी ओरबाडली. वॅक्सिंग झालं, ब्लीच झालं, गोळ्या झाल्या. ऑफिस ठाण्याला, म्हणून तिथल्याच एका काचेच्या दारांच्या क्लिनिकमध्ये लेझरही झालं. काही महिने गेले आणि दाढी माहेराहून परतल्यासारखी निवांत परत आली. आणि या सगळ्या काळात भेटेल त्या बाईने एकच ताकीद दिली. काहीही कर, पण वस्तरा लावू नकोस, पुरुषासारखी दाट येईल. मी म्हणायचे, जी यायची ती आलीच आहे, आता आणखी कसली भीती घालताय?

शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उपटणं बंद करा, आत केस वळून गळवं होतायत. काढायचेच तर एकाच पात्याने दाढी करा. त्यांच्या मनात साधा रेझर असणार. मी वस्तरा ठरवला. प्लास्टिकचा गुलाबी रेझर पर्सच्या कप्प्यात लपतो आणि लपवायचा मला कंटाळा आला होता. मला अशी वस्तू हवी होती, जी हातात दिसल्यावर कुणालाही 'भुवया कोरतेय वाटतं' असं म्हणता येणार नाही.

कल्याणला स्टेशनजवळ सलूनचं सामान विकणारी दुकानं आहेत. त्यातल्या एकात शिरले. दुकानदाराने विचारलं, "मॅडम, सलून काढताय?"

"नाही."

"मग मिस्टरांसाठी?"

"माझ्यासाठी."

त्याने कॅल्क्युलेटर उगाच पुसला. "आयब्रोचा वेगळा येतो. तो दाखवू?"

"दाढीचा दाखवा."

त्याने दाखवला तो अर्धं ब्लेड अडकवायचा. मला अखंड पोलादी पात्याचा हवा होता, ज्याला आपण धार लावायची. तो आता कुणी ठेवत नाही, न्हाव्याकडेसुद्धा ब्लेडवालाच असतो, असं म्हणून त्याने विषय संपवला. मी संपवला नाही. फोनवरून मागवला. आला तेव्हा आरशासारखा चकचकीत होता आणि त्याने काकडीसुद्धा कापली नसती.

मग मी जे केलं ते आमच्याकडची कुठलीही बाई करेल. खाली सायकलवर धारवाला आला होता. बिल्डिंगमधल्या विळ्या आणि सुऱ्या घेऊन बायका उभ्या होत्या, त्या रांगेत मीही वस्तरा घेऊन उभी राहिले. त्याने पॅडल मारलं, चाक फिरलं, ठिणग्या उडाल्या. "घ्या ताई, आता नारळ सोला," म्हणून त्याने वस्तरा हातात दिला. खरंच नारळ सोलता आला असता. त्या पातळ पात्याची पार करवत झाली होती. चुलीवरच्या कढईला सोनाराकडे नेऊ नये आणि सोनं लोहाराकडे, एवढं मला कळायला हवं होतं. पण रांगेतली एकही बाई मला अडवायला पुढे आली नाही, कारण त्यांनाही तेच बरोबर वाटलं होतं.

दुसरा वस्तरा ठाण्याच्या जुन्या बाजारपेठेत, चाकू-कात्र्यांच्या दुकानात मिळाला. कुणाचा तरी वापरलेला, मूठ पिवळी पडलेली, पण पातं सरळ. बारीक दाण्याचा दगड तिथेच घेतला. चपला शिवणाऱ्या काकांकडून चामड्याची लांब पट्टी कापून घेतली आणि धार परजायला खिडकीच्या गजाला बांधली. पट्टीवर वस्तरा परतवताना तो पात्याच्या पाठीवर वळवायचा, धारेवर नाही. हे मला पट्टीचा लचका तुटल्यावर समजलं. ब्रश आणि वाटीतला साबण नवऱ्याचाच घेतला. बाकीचं मोबाईलवर बघून शिकले. शिकवणारे सगळे बाप्ये. हरकत नाही, जबड्याचं हाड सगळ्यांना सारखंच असतं.

पहिल्यांदा दाढी केली ती बाथरूममध्ये. माझ्या सगळ्या लपवाछपवीची ती जुनी जागा. पण तिथे पिवळा बल्ब, आरशावर वाफ, आणि कोपर जरा उचललं की दाराला लागायचं. हनुवटी चांगलीच कापली. नवऱ्याने रक्त बघितलं आणि तुरटी आणून दिली. तो भला माणूस आहे, फक्त त्याचा भलेपणा कधी तोंड उघडत नाही.

वस्तऱ्याला उजेड लागतो आणि हाताला मोकळी जागा लागते. आमच्या घरात या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी आहेत, हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधल्या पॅसेजमध्ये, बेसिनवर. वर आरसा, बाजूला पूर्वेची खिडकी. मुख्य दार उघडं असलं की जिन्यातून बेसिन सरळ दिसतं. सासरे हयात असेपर्यंत तिथेच दाढी करायचे, दार सताड उघडं ठेवून, शेजारच्यांशी पाण्याच्या वेळेवरून वाद घालत. नवरा तिथेच करतो, धाकटा दीरही तिथेच. या घरातल्या प्रत्येक पुरुषाची हनुवटी साऱ्या जिन्याने फेसासकट बघितली आहे. माझा हक्क मात्र चूळ भरण्यापुरता. मला तो पूर्ण हवा होता. मला त्या बेसिनवर, त्या उजेडात, त्यांच्यासारखीच दाढी करायची होती.

रविवारी सकाळी ब्रश घेऊन उभी राहिले. सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या आणि जागीच थबकल्या.

"अगं, दार उघडं आहे."

"मग?"

"मग काय मग? लोटून घे."

"बाबा करायचे तेव्हा उघडंच असायचं."

"ते पुरुष होते."

"दाढीला कुठे कळतंय ते, आई."

त्यांनी स्वतः जाऊन दार लावलं आणि आत भांडी आपटली. माझ्या सासूबाई भित्र्या बाई नाहीत. मूळच्या कोकणातल्या, बोलणं सडेतोड. सोसायटीच्या सेक्रेटरीला तोंडावर लबाड म्हणणाऱ्या. पण माझ्या हनुवटीचा विषय निघाला की त्यांचा आवाज कुजबुजीवर यायचा. 'पुटकुळ्या आल्यात तिला', 'लेप लावलाय', 'उन्हाचं काळवंडलंय'. गेली कित्येक वर्षं माझ्या वतीने हे बहाणे त्यांनीच केले होते, आणि ते माझ्या भल्यासाठीच आहेत असं त्यांना वाटायचं. मला त्याचाच जास्त राग यायचा.

मग हे दर रविवारी सुरू झालं. मी दार उघडायचे, त्या लावायच्या. 

एवढ्यात दिराचं लग्न ठरायला आलं. मुलगी टिटवाळ्याची, दोघांचं आपसात आधीच जुळलेलं. आता मुलीकडचे लोक घर बघायला येणार होते. आदल्या दिवशी मटार सोलता सोलता सासूबाई म्हणाल्या, "उद्याचा एक दिवस बाथरूममध्ये कर. तुझ्या हट्टापायी त्याचं लग्न मोडायला नको."

हे मला लागलं. मी म्हटलं, "माझ्या हनुवटीवरून मोडणारं लग्न उद्याच मोडलेलं बरं."

"तुला बोलायला काय जातंय."

दीर मोबाईलमध्ये बघत म्हणाला, "वहिनी, अकराला येणारेत ते. तू जरा लवकर उरकून घे ना, प्लीज."

"लवकर करेन," मी म्हटलं. "पण बेसिनवरच."

ठरल्याप्रमाणे लवकर उठले. पाणी होतं, खिडकीतून छान ऊन आत आलं होतं. दार सासूबाईंनी लावून ठेवलं होतं आणि त्या दिवशी मी ते उघडलं नाही, एवढं मी दिरासाठी केलं. हनुवटी झाली, डाव्या जबड्यावर फेस लावला आणि बेल वाजली. दूधवाला समजून दिराने दार उघडलं.

पाहुणे होते. कुणीतरी गाडीतून सोडलं म्हणून वेळेच्या बरेच आधी पोचलेले. मुलीचे वडील, आई आणि आत्या, पेढ्यांचा पुडा हातात धरून दारात उभे. आणि त्यांच्या बरोबर समोर, पॅसेजच्या टोकाला, गाउनमध्ये मी. मान वळवलेली, अर्ध्या चेहऱ्यावर फेस, जबड्याखाली वस्तरा.

मी घाबरले. खोटं कशाला सांगू. बाथरूम दोन पावलांवर होतं. टॉवेल तोंडावर घेऊन आत सटकले असते तर कुणी मला दोषही दिला नसता. पण मला पक्कं कळत होतं की आत्ता आत गेले तर या बेसिनवर मी पुन्हा कधीच उभी राहणार नाही. मी कातडी ताणून धरली आणि पुढचा हात मारला.

सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. आत्याबाईंनी त्यांनाच विचारलं, "या कोण? आणि हे काय करतायत?"

आरशात मला सासूबाईंचा चेहरा दिसत होता. आता लेपाचा बहाणा येणार, मी मनात म्हटलं. दिराची मान खाली. सासूबाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं, मग माझ्या पाठीकडे.

"माझी थोरली सून," त्या म्हणाल्या, नेहमीच्या, जिन्यापर्यंत जाणाऱ्या आवाजात. "दाढी करतेय. या, बसा."

"अहो पण, बाईमाणसाने असं..." आत्याबाईंनी सुरुवात केली.

"आत्ता तिला काही बोलू नका. हातात वस्तरा आहे."

ते आत येऊन बसले. होकार नंतर आला, पण त्या सकाळी ते कुणालाच ठाऊक नव्हतं.  मी घाई केली नाही. उरलेला फेस काढला, गार पाणी मारलं, तुरटी फिरवली, साडी नेसून चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. कप देताना आत्याबाई माझ्या हनुवटीकडे टक लावून बघत होत्या. मी मान जरा वर केली आणि डावी बाजू उजेडाकडे वळवली, त्यांना नीट दिसावी म्हणून.